डेटाबेस आराखड्याचे रूपांतरण

एका डेटाबेस एंजिनासाठी रचलेल्या सारण्या, त्यांतील स्तंभांचे प्रकार, त्यांवरील निर्बंध, सूची आणि त्यांच्या आधारे चालणाऱ्या आज्ञावली यांची दुसऱ्या एंजिनावर त्याच अर्थाने चालू शकेल अशी पुनर्रचना करण्याच्या क्रियेला डेटाबेस आराखड्याचे रूपांतरण म्हणतात. संस्थांची विदा स्वतःच्या संगणकांवरून मेघ संगणनाच्या म्हणजे क्लाऊडच्या सेवांकडे हलविताना पुष्कळदा एंजिनही बदलले जाते. त्यामुळे २०१० नंतरच्या काळात या क्रियेला विशेष महत्त्व आले.

विशिष्ट शिस्तीने साठविलेल्या विदेच्या संग्रहाला डेटाबेस म्हणतात. बँकेतील खाती, परीक्षांचे गुण, रुग्णालयातील नोंदी, रेल्वेची आरक्षणे ही त्याची नित्याची उदाहरणे होत. विदा साठविणे, शोधणे, बदलणे व सुरक्षित राखणे ही कामे करणाऱ्या सॉफ्टवेअरला डेटाबेस एंजिन असे नाव आहे. ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, डीबी२, मायएसक्यूएल व पोस्टग्रेसक्यूएल ही प्रमुख एंजिने होत. विदा कोणत्या सारण्यांत विभागली आहे, प्रत्येक स्तंभात कोणत्या प्रकारचे मूल्य बसते, कोणते मूल्य अग्राह्य आहे व सारण्या परस्परांशी कशा जोडल्या आहेत, यांचे वर्णन म्हणजे डेटाबेसचा आराखडा किंवा स्कीमा होय. विदा म्हणजे नोंदवहीतील नोंदी मानल्या, तर आराखडा म्हणजे त्या वहीतील रकाने, त्यांवरील मथळे व नोंदी करण्याचे नियम होत.

स्थलांतराचे दोन प्रकार मानतात. जुने व नवे एंजिन एकच असेल, तर ते सजातीय स्थलांतर होय. त्यात आराखडा बहुधा जसाच्या तसा नेता येतो. एंजिने भिन्न असतील, तर ते विजातीय स्थलांतर होय. आराखड्याच्या रूपांतरणाचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात उद्‌भवतो.

इतिहास : एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये विदेचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. ते त्या वेळी आयबीएम या कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. विदा सारण्यांच्या रूपाने मांडावी आणि ती यंत्रात प्रत्यक्ष कोठे व कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करावी लागू नये, हे या प्रतिमानाचे सार होय. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या प्रतिमानावर आधारलेली एक प्रश्नभाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. ओरॅकलचे पहिले विक्रीयोग्य एंजिन १९७९ मध्ये बाजारात आले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून निर्माण झालेल्या एंजिनाला १९९६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले. मायएसक्यूएल हे स्वीडनमध्ये १९९५ साली तयार झाले.

एसक्यूएल भाषेचे प्रमाणीकरण अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ मध्ये झाले. तोपर्यंत एंजिने विक्रीस येऊन काही वर्षे लोटली होती आणि प्रत्येक उत्पादकाने भाषेत स्वतःची भर घातली होती. प्रमाण ठरल्यानंतरही ही भर चालूच राहिली. परिणामी एसक्यूएल ही नावाने एक भाषा असली, तरी व्यवहारात ती अनेक बोलींचा समूह आहे. या बोलींतील काही भेद शब्दांचे आहेत. काही भेद मात्र एकाच शब्दाच्या अर्थाचे आहेत. रूपांतरणातील बहुतेक धोके दुसऱ्या प्रकारच्या भेदांतून निर्माण होतात.

मेघ संगणनाशी संबंध : अ‍ॅमेझॉन कंपनीने २००९ मध्ये डेटाबेस एंजिन भाड्याने देणारी व्यवस्थापित सेवा सुरू केली. यंत्रांची देखभाल, प्रतिलिपी राखणे व सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही कामे या सेवेत सेवादात्याकडे जातात. मायक्रोसॉफ्ट, गूगल इ. कंपन्यांच्याही अशा सेवा आहेत. परवान्याचे मोठे शुल्क असलेली एंजिने सोडून पोस्टग्रेसक्यूएल व मायएसक्यूएल यांसारख्या मुक्त स्रोत एंजिनांकडे किंवा त्यांच्याशी सुसंगत अशा सेवांकडे वळणे अनेक संस्थांना या टप्प्यावर सोयीचे वाटते. खर्चातील बचत आणि एकाच विक्रेत्यावरील अवलंबन कमी करणे ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

व्यवस्थापित सेवेचे काही बंधनकारक परिणामही आहेत. सेवा घेणाऱ्याला मूळ यंत्राच्या परिचालन प्रणालीत प्रवेश नसतो आणि एंजिनाचे सर्वोच्च अधिकारही मिळत नाहीत. जुन्या डेटाबेसमधील आज्ञावली यंत्राच्या चकतीवर थेट फायली लिहीत असेल, ठराविक वेळी आपोआप चालणारी कामे करीत असेल किंवा विपत्रे पाठवीत असेल, तर ती कामे पुष्कळदा डेटाबेसबाहेरील अन्य सेवांकडे सोपवावी लागतात. हा बदल केवळ भाषेचा नसून कार्यपद्धतीचा असतो.

अर्थभेदाची प्रमुख स्थाने : (१) रिक्त मूल्य : मूल्य ज्ञात नाही किंवा नोंदलेले नाही, हे दर्शविण्यासाठी नल ही खूण वापरतात. ओरॅकलमध्ये एकही अक्षर नसलेला मजकूर नल मानला जातो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय ओरॅकलमध्ये मजकूर जोडताना नल दुर्लक्षिला जातो, तर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जोडणीच्या चिन्हाने जोडलेल्या भागांपैकी एकही भाग नल असल्यास संपूर्ण उत्तर नल होते. पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव अशा तीन स्तंभांतून पूर्ण नाव तयार करणारे विधान उदाहरणादाखल घेता येईल. मधले नाव नोंदलेले नसलेल्या व्यक्तीचे उरलेले नाव ओरॅकल दाखविते. तेच विधान पोस्टग्रेसक्यूएलवर चालविल्यास त्या व्यक्तीचे संपूर्ण नाव नाहीसे होते. दोन्ही ठिकाणी विधान शब्दशः एकच असते व कोणताही दोषसंदेश मिळत नाही. स्थलांतरानंतर यातून आणखी एक घोटाळा होतो. जुन्या नोंदींत नल असतो. नवे अर्ज भरताना मात्र रिकामा मजकूर साठविला जातो. मग मधले नाव न भरलेले अर्ज शोधणाऱ्या प्रश्नाला केवळ जुने अर्ज सापडतात.

(२) दिनांक : ओरॅकलमधील दिनांक या प्रकारात सेकंदापर्यंतची वेळही साठविलेली असते. पोस्टग्रेसक्यूएलमधील त्याच नावाच्या प्रकारात केवळ वर्ष, महिना व दिवस असतो. नावाचे साम्य पाहून रूपांतर केल्यास वेळ कायमची गळते आणि एकाच दिवशी भरलेली व काढलेली रक्कम यांत आधी कोणती, हे ठरविता येत नाही. म्हणून अशा स्तंभासाठी दिनांक व वेळ एकत्र साठविणारा प्रकार निवडावा लागतो. याच्या उलट, मायएसक्यूएलच्या काही जुन्या डेटाबेसांत वर्ष, महिना व दिवस हे सर्व शून्य असलेले दिनांक आढळतात. पोस्टग्रेसक्यूएल त्यांना दिनांक मानत नाही. त्यांचे काय करावयाचे, याचा निर्णय विदेच्या जाणकारानेच घ्यावा लागतो.

(३) संख्या : ओरॅकलमध्ये पूर्णांक व दशांश अशा दोन्ही संख्यांसाठी बहुधा एकच प्रकार वापरला जातो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये लहान पूर्णांक, मोठे पूर्णांक, अचूक दशांश व तरंगत्या बिंदूच्या आसन्न संख्या असे वेगळे प्रकार आहेत. सर्व स्तंभांना अचूक दशांश प्रकार दिल्यास विदा सुरक्षित राहते, परंतु सारण्या जोडण्याची क्रिया मंदावते. आसन्न प्रकार दिल्यास पैशांच्या बेरजांत सूक्ष्म त्रुटी शिरतात. चार बाइटांचा पूर्णांक दिल्यास २,१४,७४,८३,६४७ यापुढील क्रमांक त्यात मावत नाही. भागाकाराचा भेद तर सहज लक्षात न येणारा आहे. ६ विषयांत मिळून ४३७ गुण मिळाले असल्यास ओरॅकल सरासरी सुमारे ७२.८३ अशी काढते. दोन्ही स्तंभ पूर्णांक झाले असल्यास पोस्टग्रेसक्यूएल अपूर्णांक टाकून ७२ हे उत्तर देते. उत्तीर्णतेची किंवा प्रवेशाची मर्यादा या दोन संख्यांच्या दरम्यान असेल, तर निकालच बदलतो.

(४) लिपी व लांबी : स्तंभाची लांबी काही एंजिने अक्षरांत मोजतात, तर काही बाइटांत. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक व देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या शब्दाची १० चिन्हे व ३० बाइट होतात. ओरॅकलमध्ये वेगळी सूचना नसल्यास लांबी बाइटांत मोजतात. पोस्टग्रेसक्यूएल व मायएसक्यूएल यांत ती चिन्हांत मोजतात. वीस चिन्हांचा स्तंभ वीस बाइटांचा केला, तर ‘महाराष्ट्र’ हा शब्दही त्यात बसत नाही. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. तिच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमधील यूटीएफ-८ याच नावाचा जुना संच तीन बाइटांपलीकडील चिन्हे साठवू शकत नाही. त्यासाठी २०१० मध्ये चार बाइटांचा स्वतंत्र संच उपलब्ध झाला. म्हणून मोडी मजकूर असलेल्या डेटाबेसचे रूपांतर करताना केवळ संकेतपद्धतीचे नाव जुळणे पुरेसे नसते.

(५) तुलना व क्रम : रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे समान मानण्याची रीत एसक्यूएल सर्व्हर व मायएसक्यूएल यांत सामान्यतः असते; पोस्टग्रेसक्यूएल ती भिन्न मानते. त्यामुळे एका एंजिनाने पुनरुक्ती म्हणून नाकारलेले नाव दुसरे एंजिन नवीन म्हणून स्वीकारते आणि एकाच व्यक्तीची दोन खाती निर्माण होऊ शकतात. चढत्या क्रमात नल मूल्ये ओरॅकल व पोस्टग्रेसक्यूएल शेवटी ठेवतात, तर एसक्यूएल सर्व्हर व मायएसक्यूएल आरंभी ठेवतात.

(६) निर्बंध : स्तंभातील मूल्य विशिष्ट अट पुरी करते की नाही, हे तपासणारा निर्बंध मायएसक्यूएल अनेक वर्षे लिहून घेत असे, पण तो अंमलात आणीत नसे. त्याची अंमलबजावणी २०१९ मधील ८.०.१६ या आवृत्तीपासून सुरू झाली. अशा जुन्या डेटाबेसचा आराखडा कडक एंजिनावर नेला, की आजवर न दिसलेली सदोष विदा उघड होते. हा रूपांतरणाचा दोष नव्हे. जुना दोष त्यामुळे दृष्टीस पडतो.

संग्रहित आज्ञावलींचे रूपांतर : सारण्यांखेरीज डेटाबेसमध्ये व्याजआकारणी, करगणना, पात्रतेची तपासणी इत्यादींच्या आज्ञावलीही साठविलेल्या असतात. ओरॅकलची पीएल/एसक्यूएल, मायक्रोसॉफ्टची ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल व पोस्टग्रेसक्यूएलची पीएल/पीजीएसक्यूएल या त्यांच्या भाषा होत. शब्दांचे भेद यांत्रिक रीतीने दूर करता येतात. परंतु ओरॅकलमध्ये संबंधित कार्यांचा एक गठ्ठा म्हणजे पॅकेज करून त्यातील चल राशींची मूल्ये जोडणी संपेपर्यंत जतन करण्याची सोय असते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तशी रचनाच नाही. अशा वेळी कार्ये स्वतंत्र करून त्यांची सामाईक मूल्ये अन्य मार्गाने जपावी लागतात.

व्यवहाराच्या नियमांतही फरक आहे. व्यवहाराच्या मध्ये एखादे विधान फसल्यास ओरॅकल केवळ त्या विधानाचा परिणाम मागे घेते व पुढील विधाने चालू देते. पोस्टग्रेसक्यूएल मात्र व्यवहार मागे घेतला जाईपर्यंत, अथवा आधी ठेवलेल्या एखाद्या थांब्यापर्यंत मागे जाईपर्यंत, पुढील सर्व विधाने नाकारते. चूक होईल हे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या आज्ञावली यामुळे पुन्हा रचाव्या लागतात. चालू वेळ विचारणाऱ्या कार्याचेही तसेच आहे. ओरॅकलचे नेहमीचे कार्य विधान चालते त्या वेळचे मूल्य देते, तर पोस्टग्रेसक्यूएलचे नेहमीचे कार्य व्यवहार सुरू झाला त्या वेळचे मूल्य देते. लांबलेल्या व्यवहारात या दोहोंत पुष्कळ अंतर पडू शकते.

रूपांतरणाचे टप्पे : प्रथम जुन्या आराखड्याची मोजदाद करून कोणता भाग आपोआप रूपांतरित होईल व कोणत्या भागाला मनुष्यश्रम लागतील, याचा अहवाल तयार करतात. न वापरल्या जाणाऱ्या सारण्या व आज्ञावली याच वेळी वगळणे श्रेयस्कर असते. त्यानंतर सारण्या व प्रत्येक ओळीची ओळख पटविणारे स्तंभ नव्या एंजिनावर निर्माण करून विदा भरतात. सारण्यांमधील परस्परसंबंधांचे निर्बंध, दुय्यम सूची व ट्रिगर म्हणजे विशिष्ट बदल होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञावली या काळात बाजूस ठेवतात. तसे न केल्यास मूळ नोंदीआधी तिच्यावर अवलंबून असणारी नोंद येऊन ती नाकारली जाते किंवा ट्रिगर पुन्हा चालून एकच परिणाम दोनदा नोंदला जातो.

विदा भरत असताना जुना डेटाबेस चालूच असतो. त्यात होणारे बदल त्याच्या बदलनोंदींतून वाचून नव्या डेटाबेसमध्ये सतत पोचविले जातात. दोन्ही बाजू समान झाल्यावर अल्पकाळ काम थांबवून सर्व उपयोजने नव्या एंजिनाशी जोडतात. त्यापूर्वी क्रमांक देणारे गणक शेवटच्या वापरलेल्या क्रमांकापुढे नेऊन ठेवावे लागतात. ही लहानशी कृती राहून गेल्यास नव्या नोंदींना जुनेच क्रमांक मिळू लागतात व त्या नाकारल्या जातात. काही अडचण आल्यास मागे परतता यावे, म्हणून नव्या डेटाबेसमधील बदल जुन्याकडे पोचविण्याची व्यवस्थाही काही काळ ठेवतात.

साधने : ओरॅकल व मायएसक्यूएल यांवरून पोस्टग्रेसक्यूएलकडे जाण्यासाठी ओरा२पीजी हे मुक्त स्रोत साधन प्रचलित आहे. मायक्रोसॉफ्टचे साधन इतर एंजिनांवरून एसक्यूएल सर्व्हरकडे व त्याच्या मेघसेवेकडे येण्यासाठी आहे. अ‍ॅमेझॉनने विदा हलविण्याची सेवा व आराखडा बदलण्याचे साधन यांची घोषणा २०१५ मध्ये केली. ही दोन कामे वेगळी आहेत, हे त्या विभागणीवरूनही स्पष्ट होते. आराखड्याचे साधन आपोआप न होणारी कामे सोपी, मध्यम व अवघड अशा वर्गांत मांडते आणि मूळ एंजिनातील काही कार्यांची नक्कल करणारा पूरक संच नव्या डेटाबेसमध्ये बसविते. दुसरा मार्ग भाषांतर टाळण्याचा आहे. २०२१ मध्ये खुले झालेले बॅबेलफिश हे सॉफ्टवेअर पोस्टग्रेसक्यूएलला एसक्यूएल सर्व्हरची बोली समजण्याची क्षमता देते. मोठ्या भाषिक प्रतिमानांचा म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापरही २०२४ पासून या साधनांत होऊ लागला आहे. तथापि त्यांनी सुचविलेली आज्ञावली मनुष्याने तपासणे आवश्यक असते.

पडताळणी : साधनाने न बदललेला भाग अहवालात दिसतो व त्यावर काम होते. साधनाने बदललेला, परंतु अर्थ पालटलेला भाग कोठेही नोंदला जात नाही. म्हणून पडताळणी हा या क्रियेचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. ओळींची संख्या जुळणे ही केवळ पहिली कसोटी आहे. रकमांच्या बेरजा, लहानांत लहान व मोठ्यांत मोठी मूल्ये, नल मूल्यांची संख्या आणि निवडक ओळींचे प्रत्येक मूल्य यांची तुलना करतात. त्याहीपलीकडे, एखाद्या पूर्ण महिन्याची व्याजआकारणी किंवा वेतनगणना दोन्ही एंजिनांवर स्वतंत्रपणे चालवून उत्तरे ताडून पाहणे ही खरी कसोटी मानतात. नेहमीच्या कामाइतका भार देऊन प्रतिसादाचा वेगही मोजावा लागतो, कारण प्रश्न सोडविण्याचा मार्ग प्रत्येक एंजिन आपल्या रीतीने निवडते.

विदा सुखरूप पोचणे म्हणजे स्थलांतर यशस्वी होणे नव्हे, हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या अनुभवावरून दिसून आले. हे स्थलांतर संपूर्ण संगणक प्रणालीचे होते. एप्रिल २०१८ मध्ये ही बँक नव्या प्रणालीवर गेली. विदा योग्य रीतीने हलविली गेली होती, परंतु नवी प्रणाली लगेच कोलमडू लागली. बँकेचे सुमारे ५२ लक्ष ग्राहक होते. त्यांपैकी बऱ्याच मोठ्या गटाला स्वतःच्या खात्यांचे व्यवहार करणे कठीण झाले. नियामक संस्थांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला एकूण ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड केला.

विजातीय स्थलांतराचे एक मोठे उदाहरण अ‍ॅमेझॉनचेच आहे. सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसांतील ७५ पेटाबाइट विदा हलवून आपल्या ग्राहकव्यवसायातील अखेरचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले. या कामात शंभराहून अधिक गट सहभागी होते. सर्व विदा एकाच एंजिनावर न नेता कामाच्या स्वरूपानुसार ती संबंधात्मक, असंबंधात्मक व विश्लेषणोपयोगी अशा वेगवेगळ्या सेवांकडे वळविण्यात आली. ओरॅकलशी घट्ट बांधलेली काही त्रयस्थ सॉफ्टवेअरे मात्र या स्थलांतरातून वगळावी लागली.

मर्यादा : प्रत्येक डेटाबेसचे रूपांतर करणे लाभदायक असतेच असे नाही. आज्ञावली थोड्या व सारण्या साध्या असतील, तर हे काम अल्पावधीत होते. व्यवसायाचे बहुतेक नियम संग्रहित आज्ञावलींत असतील, त्या लिहिणारे कर्मचारी निवृत्त झाले असतील व नियमांची अन्यत्र नोंद नसेल, तर आधी ते नियम आज्ञावलींतून वाचून काढावे लागतात. अशा स्थितीत परवान्याच्या शुल्कातील बचत रूपांतरणाच्या व पडताळणीच्या खर्चाशी ताडून पाहणे इष्ट ठरते. एंजिन न बदलता जुना डेटाबेस आहे तसाच मेघसेवेत नेणे हा पर्यायही उपलब्ध असतो. आराखड्यातील प्रत्येक स्तंभाचा अर्थ व प्रत्येक निर्बंधाचे कारण शब्दांत नोंदून ठेवलेल्या संस्थांचे रूपांतरण तुलनेने सुकर होते.